लिंगभाव आणि दोन मानसशास्त्रे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्याच्या एका कॉलेजात मी पंचवीसेक वर्षे मानसशास्त्र शिकवले. निवृत्तीनंतर कधी वाचनालय, कधी महिला मंडळ, कधी पंचायतीचे सभागृह असे बोलावणे येते आणि भाषण संपले की तेच तेच प्रश्न येतात. काही विद्यार्थ्यांचे, काही पालकांचे, एक-दोन चिडून विचारलेले. ते इथे उतरवून ठेवले आहेत. दोन मानसशास्त्रे म्हणजे पुस्तकातले मुख्य प्रवाहाचे आणि त्याला प्रश्न विचारणारे चिकित्सक. उत्तरे माझी आहेत आणि माझा कल मी झाकलेला नाही.

लिंग आणि लिंगभाव हे वेगळे का मानायचे?

लिंग म्हणजे शरीर: गुणसूत्रे, संप्रेरके, अवयव. लिंगभाव म्हणजे त्या शरीराच्या माणसाने कसे बसावे, काय मागावे, कशाची लाज बाळगावी याबद्दलचा सगळा पसारा. मानसशास्त्रात ही फारकत आग्रहाने मांडली ती रोडा अंगर यांनी, १९७९ साली. दोन्हींसाठी एकच शब्द वापरला की प्रत्येक फरक शरीरातूनच आला असे वाचणारा धरून चालतो, अशी त्यांची तक्रार होती.

गोव्यातल्या माणसाला हे समजवायला परदेशी पुस्तक लागत नाही. कोकणीत चेडूं नपुंसकलिंगी. लहान मुलीला 'तें' म्हणतात, मोठी बाई 'ती' होते. कुठे वयावर ठरते, कुठे लग्नावर, गावागणिक थोडे बदलते. चेडो मात्र पहिल्यापासून 'तो'. मुलीचे शरीर जन्माच्या दिवशीच ठरलेले होते, तरी व्याकरणाने तिला स्त्रीलिंगात यायला काही वर्षे ताटकळत ठेवले. मराठी घरांत वाढलेल्या आमच्यासारख्यांना शेजारच्या अंगणात हे ऐकू येते तेव्हा आधी गंमत वाटते, मग विचार सुरू होतो.

मुख्य प्रवाहाचे मानसशास्त्र म्हणजे कोणते?

बारावीच्या आणि बीएच्या पुस्तकात असते ते. एकटा माणूस घ्यायचा, त्याच्यातले गुण मोजायचे, बायकांची सरासरी आणि पुरुषांची सरासरी काढायची आणि दोहोंत किती अंतर आहे ते सांगायचे.

१९३६ मध्ये टर्मन आणि माइल्स यांनी ४५६ प्रश्नांची चाचणी केली. एका टोकाला पुरुषीपणा, दुसऱ्या टोकाला बायकीपणा, आणि प्रत्येकाने मधल्या रेषेवर कुठेतरी उभे राहायचे. चाचणी कशाची आहे हे सोडवणाऱ्याला कळू नये म्हणून तिला 'वृत्ती आणि आवडी'ची चाचणी असे साळसूद नाव दिले होते. १९७४ मध्ये सँड्रा बेम यांनी ती रेषाच मोडली. ६० विशेषणांच्या त्यांच्या यादीत पुरुषी गुण वेगळे मोजले, बायकी गुण वेगळे, म्हणजे एकाच माणसात दोन्ही भरपूर असू शकतात. त्या काळात हे मोठेच पाऊल होते.

आता ही यादी घेऊन एखाद्या तारवट्याच्या, म्हणजे बोटीवरच्या खलाशाच्या, घरी जा. नवरा आठ-नऊ महिने बोटीवर. बँक, पंचायत, छपराची दुरुस्ती, ठेकेदाराशी घासाघीस, मुलाच्या शाळेतली भांडणे, सगळे बायकोकडे. ठाम, स्वावलंबी, निर्णय घेणारी अशा खुणा करत गेलात तर ती 'पुरुषी' रकान्यात उंच जाईल. तिला विचारलेत तर ती म्हणेल, "मग करणार कोण?" यादीला गुण दिसला, तिला परिस्थिती दिसली. नवरा सुट्टीवर आला की हीच बाई बँकेचे पासबुक त्याच्यासमोर ठेवते आणि गप्प बसते. मग तिचा तो गुण दोन महिने कुठे जातो? बेम यांनाही पुढे आपले मोजमाप अपुरे वाटू लागले. माणसाला पुरुषी-बायकी अशा चष्म्यातून पाहायची सवय लागते कुठून, इकडे त्या वळल्या.

आणि चिकित्सक मानसशास्त्र?

ही एक शाळा नव्हे. बर्लिनमध्ये क्लाउस होल्झकाम्प मार्क्सवादी अंगाने लिहीत होते. एल साल्वादोरमध्ये इग्नासिओ मार्तिन-बारो गरिबांच्या बाजूचे मानसशास्त्र मांडत होते, १९८९ मध्ये सैनिकांनी त्यांना ठार केले. अमेरिकेत नेओमी वाइसस्टाइन यांनी १९६८ मध्येच ठणकावले होते की बायका खरोखर कशा असतात हे मानसशास्त्राला ठाऊकच नाही, कारण ते त्यांच्या भोवतालाकडे बघत नाही. १९९१ मध्ये इंग्लंडमधून स्त्रीवादी मानसशास्त्राचे स्वतंत्र नियतकालिक निघाले. या सगळ्यांचे एकमेकांशी पटत असे असेही नाही.

समान धागा एवढाच: मन उघडून पाहण्याआधी ते मन कोणत्या घरात, कोणत्या पगारावर, कोणाच्या धाकात जगते ते पाहा. आणि मोजणारा कोण आहे, त्याने हाच प्रश्न का निवडला, तेही पाहा.

फरक एका उदाहरणात सांगाल का? व्याख्या डोक्यावरून जातात.

सांगते. उदाहरण आपल्याच मातीतले आहे, म्हणून सावकाश सांगते.

विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्स आणि नंदिता डिसोझा यांनी गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात २७० गरोदर बायकांना शेवटच्या तिमाहीत गाठले. बाळंतपणानंतर सहा-आठ आठवड्यांनी, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी त्यांना पुन्हा भेटले. निबंध २००२ मध्ये छापून आला. पहिल्या भेटीत २३ टक्के बाळंतिणींना नैराश्य आढळले. त्यांतल्या ७८ टक्के जणींचा मनस्ताप गरोदरपणातच सुरू झालेला होता. अर्ध्याहून जास्त जणी सहा महिन्यांनीही सावरल्या नव्हत्या. कारणांत पैशाची ओढाताण होती, नवऱ्याशी बिघडलेले संबंध होते, आणि झालेले बाळ मुलगा की मुलगी हेही होते. मारहाण आणि उपासमार यांचा आईच्या मनावर किती घाला पडतो, तेसुद्धा बाळाच्या लिंगावरून बदलत होते.

मुख्य प्रवाहाची भाषा याला 'जोखीम घटक' म्हणते. शब्द सोयीचा आहे. परिचारिकेला कळते की या बाईकडे जास्त लक्ष ठेवायला हवे, आणि त्यातून जीवही वाचतात. पण त्या यादीकडे नीट पाहा. रक्तदाब, साखर, आणि त्याच रांगेत 'मुलगी'. पाच दिवसांचे ते पोर कुणाला काय जोखीम देणार? जोखीम आहे ती तिच्या जन्माची बातमी ऐकून उतरलेल्या चेहऱ्यांत. प्रश्नावली मात्र बाळंतिणीलाच दिली जाते. "परत चेडूंच?" असे म्हणणाऱ्या सासूला कुणी प्रश्नावली देत नाही. तालुक्याच्या गावी जाऊन मिठाई न आणणाऱ्या बापालाही नाही. खचली ती बाई रुग्ण ठरते आणि तिला खचवणारे तिला दवाखान्यात घेऊन येणारे 'नातेवाईक' ठरतात.

चिकित्सक मानसशास्त्र इथे बोट ठेवते. आजार बाईच्या मनात आहे असे म्हटल्यावर उपचारही तिच्या मनावर होणार. गोळी, समुपदेशन, सकारात्मक विचार. ते करू नये असे नाही. डिचोलीला एका कार्यक्रमात एक आरोग्यसेविका मला म्हणाली, "टीचर, गोळीनं तिला झोप लागते. पण उठल्यावर घर तेच असतं." याहून चांगली मांडणी मला कुठल्या पुस्तकात मिळाली नाही.

आता उलट बाजू. हे सगळे मला कळले कशामुळे? मोजणीमुळेच. त्या तिघांनी मोजले नसते तर मुलीच्या जन्माचा आणि आईच्या नैराश्याचा हा संबंध आपण 'असं कुठं असतं का, गोवा किती सुधारलेला' म्हणून उडवून लावला असता. आपल्याकडे जुन्या पोर्तुगीज संहितेपासून मुलीला आईवडिलांच्या मालमत्तेत वाटा आहे, हे आपण चारचौघांत अभिमानाने सांगतो. कायद्यात वाटा आणि पाळण्यापाशी सुतक, दोन्ही एकाच घरात नांदू शकतात. ते दाखवायला आकडे लागले, आणि आकड्यांचा अर्थ लावायला दुसरी नजर.

बायका आणि पुरुष यांच्या मनात खरोखर फरक असतो की नाही?

असतो, पण सांगितला जातो त्याहून फारच कमी. जॅनेट हाइड यांनी २००५ मध्ये ४६ महाविश्लेषणे, म्हणजे अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून काढलेले निष्कर्ष, एकत्र पाहिली. तपासलेल्या फरकांपैकी ७८ टक्के लहान किंवा शून्याच्या आसपास निघाले. 'लहान' म्हणजे किती? बायकांचा आलेख आणि पुरुषांचा आलेख एकमेकांवर ठेवला तर साधारण ८५ टक्के किंवा त्याहून जास्त भाग झाकला जातो, इतके. मोठे फरक सापडले ते चेंडू फेकण्याच्या वेगात आणि लैंगिकतेशी संबंधित काही बाबींत. शारीरिक आक्रमकतेत मध्यम. 'मुलींना गणित जमत नाही' याला त्या आकड्यांत आधार नाही.

लक्षात घ्या, हाइड मुख्य प्रवाहाच्याच हत्यारांनी काम करतात.

मग तुमच्या बाजूला न सोसणारा एखादा पुरावा आहे का?

आहे. हा प्रश्न एका विद्यार्थ्याने मला कोंडीत पकडायला विचारला होता आणि बरे केले. सगळा फरक समाजाने घडवला असेल तर जिथे समानता जास्त तिथे फरक कमी दिसायला हवा. २००१ मध्ये कोस्टा आणि सहकाऱ्यांनी अनेक देशांतली माहिती ताडली, तर स्वभावाच्या प्रश्नावल्यांत उलटेच दिसले. युरोप-अमेरिकेत बायका-पुरुषांमधले अंतर जास्त, आशिया-आफ्रिकेत कमी.

एक उत्तर असे दिले जाते: 'मी हळवी आहे' यावर खूण करताना तुम्ही स्वतःला कुणाशी ताडता? सत्तरी तालुक्यातल्या खेड्यातली बाई शेजारच्या बायकांशी ताडेल, तर स्टॉकहोममधली बाई ऑफिसातल्या पुरुषांशी. मापाची पट्टीच वेगळी पडते. मला हे उत्तर पटते. ती पळवाटही असू शकते, हे मी वर्गात सांगत असे आणि इथेही सांगते.

बायका भावनेने आणि पुरुष न्यायाने विचार करतात, हे सिद्ध झाले आहे ना?

नाही. लॉरेन्स कोलबर्ग यांनी नैतिक विकासाच्या पायऱ्या बांधल्या त्या फक्त मुलग्यांशी बोलून. कॅरल गिलिगन यांनी १९८२ मध्ये विचारले, मुली कुठे आहेत? मुली काळजीच्या, नात्यांच्या भाषेत विचार करतात असे त्यांनी मांडले. १९८४ मध्ये लॉरेन्स वॉकर यांनी तोवरचे अभ्यास चाळले तर बायका-पुरुषांच्या पायऱ्यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. गंमत अशी की चिकित्सक मंडळी गिलिगन यांच्यावरही रुसली: 'बायकांचा आवाज' असा एकच आवाज कुठे असतो? म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरच्यांचा वाटा लावणारी आणि तिच्याशी दोन रुपयांवरून भांडणारी, दोघी बायकाच.

चिकित्सक मानसशास्त्राला विज्ञान नको असते, असे ऐकतो.

काहींना नको असते. शब्दांच्या जाळ्यात हरवलेले निबंध मीही वाचले आहेत आणि झोपेला त्यांचा उपयोग केला आहे.

पण मोजणे हे सत्तेचेच हत्यार आहे असे सरसकट म्हणणाऱ्यांनी लीटा हॉलिंगवर्थ यांचे काम पाहावे. पाळीच्या दिवसांत बाईची बुद्धी आणि हात मंदावतात, म्हणून तिला जबाबदारीचे काम देऊ नये, असे त्या काळचे मोठे डॉक्टर ठासून सांगत. हॉलिंगवर्थ यांनी बायकांना दिवसचे दिवस चाचण्या दिल्या, पाळीत आणि पाळीबाहेर, आणि १९१४ मध्ये दाखवले की कामगिरीत फरक पडत नाही. 'कावळा शिवला' म्हणून बाजूला बसवलेल्या किती पिढ्यांना हे आधी कळायला हवे होते!

दुसरे नाव एव्हलिन हूकर. १९५७ मध्ये त्यांनी ३० समलिंगी आणि ३० भिन्नलिंगी पुरुषांच्या चाचण्या नावे काढून तज्ज्ञांपुढे ठेवल्या. कोण कुठला हे तज्ज्ञांना ओळखता आले नाही. पद्धत शंभर टक्के मुख्य प्रवाहाची होती, पण 'समलैंगिकता हा आजार' या समजाचा पाया तिने हलवला. १९७३ मध्ये अमेरिकन मनोविकार संघटनेने तो आजार यादीतून काढला.

डॉक्टर तर तटस्थ असतात. त्यांच्या मनात कसला लिंगभाव?

१९७० मध्ये इंगे ब्रोव्हरमन आणि सहकाऱ्यांनी ७९ मानसोपचार व्यावसायिकांना विचारले. काहींना निरोगी पुरुषाचे वर्णन करायला सांगितले, काहींना निरोगी स्त्रीचे, काहींना नुसत्या निरोगी प्रौढ माणसाचे. पुरुष आणि प्रौढ माणूस यांची वर्णने जुळली. निरोगी स्त्री मात्र जास्त नमते घेणारी, कमी स्वतंत्र, छोट्या गोष्टींनी अस्वस्थ होणारी निघाली. म्हणजे बाईने निरोगी बाई व्हावे तर ती निरोगी माणूस ठरत नाही, आणि माणूस व्हावे तर बाई ठरत नाही. उत्तरे देणाऱ्यांत स्त्रियाही होत्या.

'अंगावरून पांढरं जातं' या तक्रारीचा मानसशास्त्राशी काय संबंध?

हा प्रश्न नेहमी सभा संपल्यावर, कोपऱ्यात, हळू आवाजात येतो.

आधी स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवा, जंतुसंसर्ग असू शकतो. पण गोव्यातच २४९४ बायकांच्या पाहणीत, ज्यावर २००५ आणि २००६ मध्ये निबंध निघाले, असे दिसले की या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी जास्त घट्ट आहे. एक डॉक्टर याला 'शारीरिक लक्षणांतून व्यक्त होणारे नैराश्य' म्हणेल. मी असे विचारीन: 'मला या घरात जीव नकोसा झालाय' हे वाक्य सुनेला मोठ्याने म्हणता येते का? येत नसेल तर ती काय म्हणू शकते? अशक्तपणा, कंबर दुखते, अंगावरून जाते. ही तक्रार घेऊन दवाखान्यात जायला मिळते, तास दोन तास घराबाहेर बसायला मिळते, कुणीतरी 'काय होतंय?' असे विचारते. याला ढोंग म्हणू नका. तिला बोलायला मोकळी असलेली भाषा तेवढीच आहे.

आणि पुरुष? तुम्ही नेहमी बायकांचेच बोलता.

मान्य. आपल्या देशात आत्महत्या करणाऱ्यांत पुरुष बायकांपेक्षा बरेच जास्त असतात, आणि नैराश्याचे निदान मात्र बायकांचे जास्त होते. हे कोडे दोन्ही मानसशास्त्रांना सोडवायचे आहे. रडू येते का, उदास वाटते का, असे विचारणाऱ्या प्रश्नावलीत तावेर्नात, म्हणजे दारूच्या गुत्त्यात, बसून गप्प पिणारा माणूस निसटतो. गोव्यात दारूच्या आहारी गेलेल्या पुरुषांसाठी गावातल्याच, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांनी द्यायची एक छोटी उपचारपद्धत तपासली गेली, २०१७ मध्ये तिचे निष्कर्ष आले आणि ते आशादायक होते. पण 'पुरुषासारखा पुरुष' व्हायला पोराला वयाच्या पाचव्या वर्षापासून काय काय गिळायला लावतो, ते दारू सोडवण्याच्या पत्रकात कसे मावणार?

लिंगभाव 'केला' जातो म्हणजे काय? तो असतो ना?

पेडण्याच्या बाजूला जत्रेत दशावतार पाहिला असेल. स्त्रीपार्ट करणारा पुरुष. दुपारी तो शेतात चिखलात असतो आणि रात्री पदर सावरतो तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायका एकमेकींना कोपराने ढोसतात: बघ, कशी मान वेळावते! ती मान, ती चाल, ते बसणे त्याने शिकून घेतले आहे. वेस्ट आणि झिमरमन यांनी १९८७ मध्ये म्हटले की आपण सगळेच रोज हे करतो, फक्त तालीम इतकी लहानपणी झालेली असते की ती विसरते. ते दोघे समाजशास्त्रज्ञ, पण चिकित्सक मानसशास्त्राने त्यांची मांडणी उचलून धरली. मला ती अर्धीच पटते. दशावतारी पहाटे लुगडे सोडून ठेवू शकतो. पुढच्या रांगेतल्या बाईला तसे करता येत नाही, केलेच तर गाव दंड करते.

ट्रान्स व्यक्तींबद्दल दोन्हींचे म्हणणे काय?

अंतर कमी होत चालले आहे. २०१३ मध्ये मनोविकारांच्या अमेरिकन यादीतून 'लिंग-ओळख विकृती' हे नाव गेले आणि त्रासावर भर देणारे नाव आले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या यादीत ही बाब मानसिक विकारांच्या प्रकरणातूनच बाहेर काढली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला होता.

हे सगळे पाश्चात्त्यांचे झाले. आपल्याकडे कोणी विचार केला?

केला. सुधीर कक्कर यांनी १९७८ मध्ये भारतीय बालपण आणि आई-मुलगा हे नाते मनोविश्लेषणाने तपासले. आयुष्याची शेवटची वर्षे ते आपल्या बाणावलीत राहत होते, २०२४ मध्ये गेले. आशिष नंदी यांनी १९८३ मध्ये दाखवले की वसाहतीच्या राज्याने पुरुषीपणाची किंमत वाढवली आणि हरलेल्यांनीही तेच माप आपल्याला लावून घेतले. पुण्याच्या भार्गवी दावर यांनी १९९९ मध्ये भारतीय स्त्रियांच्या मानसिक आरोग्यावर स्त्रीवादी अंगाने पुस्तक लिहिले आणि मनोरुग्णालयांतल्या सक्तीविरुद्ध शेवटपर्यंत लढल्या.

कक्करांच्या लिखाणातला मुलगाच मला जास्त स्पष्ट दिसतो, मुलगी अंधुक. हे माझे मत.

मला त्रास होतो आहे. मग कोणाकडे जाऊ, चिकित्सक की नेहमीच्या?

वादात पडू नका, मदत घ्या. बांबोळीला मनोविकार संस्था आहे, १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानसची सेवा आहे. चालू गोळ्या हा लेख वाचून बंद करू नका. समुपदेशकाची पारख करायची तर एवढे बघा: झोप आणि भूक विचारून झाल्यावर तो घरात पैसा कोणाच्या हातात असतो, मारहाण होते का, एकटे बसायला जागा आहे का, हे विचारतो का? आणि नवऱ्याला बाहेर बसवून विचारतो का?

बारावीच्या प्रकल्पासाठी सोपा विषय सुचवा.

चतुर्थीच्या आधी आठ दिवस आपल्याच घरात कोण कोणते काम करते ते वहीत लिहा. माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-फुलांची चौकट) कोण बांधते, नेवऱ्या (करंज्या) कोण तळते, बाजाराची यादी कोण करते, वर्गणी कोण ठरवते, किती मिनिटे. झाला तक्ता, हा मुख्य प्रवाह. मग तोच तक्ता आजीला, आईला आणि बाबांना वेगवेगळा दाखवा आणि कोण काय म्हणते ते शब्द न बदलता उतरवा. एका मुलीने हे केले होते. तिची आई तक्ता बघून म्हणाली, "यात मी ओट्याशी उभी राहिल्याचं धरलंस, आणि उद्या काय करायचं याचा विचार केल्याचं कुठं धरलंस?" मुलीने नवा रकाना आखला. तो तिला भरता आला नाही आणि तिने तो तसाच कोरा ठेवून प्रकल्प दिला. मी पैकीच्या पैकी गुण दिले.